ढगाळ घुमट

सुकन्याने सोनबाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चंद्रावर चालत होता.

तो तिचा नोकरीचा पहिलाच दिवस होता. बारामतीच्या एमआयडीसीत, उसाच्या ट्रॅक्टरांच्या वाटेला लागून, पत्र्याच्या शेडमधला तो छोटा कारखाना. जेवणाची सुट्टी झालेली, माणसं शेडच्या सावलीत डबे सोडून बसलेली. तेवढ्यात क्लीन रूमच्या दारातून डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातला एक माणूस बाहेर आला. त्याने एक पाय उचलला, हवेतच थांबवला आणि पीस टेकवावं तसा जमिनीवर टेकवला. मग दुसरा. असा तो त्या सगळ्या डब्यांसमोरून तरंगत गेला आणि परत आला.

"आबा, चंद्रावर भाकरी मिळती का?" भट्टीवरच्या गोकुळने विचारलं.

"न्हाय. म्हनून तर माघारी आलो," असं म्हणत त्या माणसाने टोपी काढली. आत पिकल्या मिशांचा, पन्नाशी ओलांडलेला चेहरा निघाला. शाळेतल्या पोराने खोडी काढल्यावर दिसतो, तसा.

सुकन्याला हसू आलं होतं, पण ती क्लीन रूमची नवी इनचार्ज होती. हसू गिळून तिने त्याला सांगितलं, की हा पोशाख आतच घालायचा असतो. बाहेरची धूळ एकदा त्याला लागली, की तो पोशाख आणि गोणपाट सारखंच. सोनबाचा चेहरा एकदम गंभीर झाला. "चुकलं, ताई," म्हणाला आणि जेवण तसंच ठेवून पोशाख धुवायला टाकून आला. पुन्हा कधी तो पोशाख घालून बाहेर आला नाही. चंद्रावर चालायचंच झालं तर लुंगीवर चालायचा.

या कारखान्यात पारदर्शक सिरॅमिक बनत असे. खडूच्या भुकटीसारखी पांढरीशुभ्र पावडर साच्यात भरायची, दाबून तिची वडी करायची आणि भट्टीत घालायची. भट्टीत जाते तेव्हा ती वडी खडूसारखीच असते. पांढरी, ठिसूळ, पलीकडचं काही न दाखवणारी. भट्टीत तिचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात, मधली हवा निघून जाते, आणि बाहेर येते ती एक आरपार दिसणारी चकती. काच वितळवून ओततात. हिला वितळवत नाहीत. काचेवर खिळ्याने ओरखडा येतो. हिच्यावर खिळाच झिजतो. मात्र एक अट असते. कणांच्या मध्ये एखादी पोकळी राहिली, किंवा परका कण शिरला, की उजेड तिथे अडखळतो आणि चकती ढगाळते. पुन्हा भट्टीत घालून काही ती निवळत नाही.

सोनबाचं काम पावडर भरायचं. आधी तो एका साखर कारखान्यात पॅनवर होता. उसाचा रस जिथे उकळून दाणा धरतो, त्या भल्यामोठ्या भांड्याला बघण्यासाठी एक काच असते. त्या काचेशी डोळा लावून त्याने कितीतरी गळीत हंगाम काढले. काच तापायची, धुरकट व्हायची, कधी तडकायची. तेव्हा त्याच्या मनात यायचं, की गोष्टीतल्यासारखा पारदर्शक दगड इथं बसवला असता तर किती बरं झालं असतं.

गोष्टी म्हणजे विज्ञानकथा. सोनबा डाळजचा. त्याच्या आईवडलांचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. नव्या जागी पत्र्याच्या खोलीत वाचनालय निघालं आणि कुणीतरी दिवाळी अंकांची एक पेटी तिथे देऊन टाकली. शेतीची पुस्तकं मोठ्यांनी नेली, देवाधर्माची म्हाताऱ्यांनी. उरल्या त्या परग्रहावरच्या, यंत्रमानवांच्या, दगडी पारदर्शक घुमटाखाली राहणाऱ्या माणसांच्या गोष्टी. त्या सोनबाच्या वाट्याला आल्या. गाव पाण्याखाली गेलेल्या पोराला माणसं घुमटाखाली राहतात यात काही नवल वाटलं नाही. आपल्या गावावर तसा घुमट बसवला असता तर उठावं लागलं नसतं, एवढंच त्याला वाटलं.

कारखान्याचे मालक मोहनराव. त्यांच्याकडे तो मुलाखतीला गेला, तेव्हा त्यांनी चकती हातात दिली आणि विचारलं, ही कशाची असेल? सोनबा म्हणाला, "दगडाची. म्या वाचलंय ह्याच्याबद्दल." कुठे वाचलं, तर गोष्टीत. मोहनराव मोठ्याने हसले. त्यांनीही कॉलेजात असताना आरपार दिसणाऱ्या धातूच्या गोष्टी वाचल्या होत्या. त्यांच्या प्राध्यापकांनी तेव्हा सांगितलं होतं, की असा धातू निघाला तर मी मिशी काढीन. पुढे त्याच प्राध्यापकांनी त्यांना परिषदेत अ‍ॅल्युमिनियमपासून केलेलं एक पारदर्शक सिरॅमिक दाखवलं. धातू नव्हता तो, पण वर्तमानपत्रांनी नाव गोष्टीतलंच दिलं होतं, पारदर्शक अ‍ॅल्युमिनियम. मिशी मात्र होती तिथेच होती. हा किस्सा मोहनरावांनी त्या दिवशी सोनबाला सांगितला आणि नोकरीही दिली.

सोनबाचं यावर एक मत होतं आणि ते तो जेवताना कुणालाही ऐकवी. "आधी गोष्टवाला खोटं बोलतो. मग कुनीतरी शिकून सवरून ते खरं करतं. गोष्टवाल्यानं खोटंच बोललं न्हाय, तर शिकलेल्यानं करायचं काय?"

सुकन्याला हे पटायचं नाही. ती लोणी भापकरची, शेतकऱ्याच्या घरातून इंजिनिअर झालेली पहिलीच मुलगी. गोष्टी सांगून दगड पारदर्शक होत नाही, त्याला भट्टीचं तापमान सांभाळावं लागतं, असं ती म्हणे. यावर सोनबा विचारी, "पर तापवायचं सुचलं कशावरनं, ताई?" वाद तिथेच संपून लोणच्याची देवाणघेवाण सुरू होई.

तो घुमट बनवायचं काम आलं, तेव्हा मात्र तिला सोनबाचं थोडं खरं वाटलं.

धरणांच्या आणि कालव्यांच्या भिंती पाण्याखालून तपासणाऱ्या एका संस्थेला कॅमेऱ्यावर बसवायला पारदर्शक घुमट हवा होता. प्लॅस्टिकचा घुमट गाळाने खरवडतो, काचेचा दगडाला आपटून फुटतो. मोहनरावांनी काम घेतलं. चाचणी उजनीच्या फुगवट्यात, डाळजच्या काठाला होणार होती. सोनबाला हे कळलं तेव्हा तो जेवत होता. हातातला घास तेवढा खाली ठेवला. मग दुपारभर तो मधूनमधून हसत राहिला. संध्याकाळी जाता जाता सुकन्याला त्याने विचारलं, की कॅमेरा खाली गेल्यावर पडद्यावर बघायला त्याला उभं राहता येईल का. ती म्हणाली, "आबा, पावडर तुम्हीच भरणार. तुम्ही नाही तर कोण उभं राहणार?"

घुमटाची वडी दाबायचं काम दसऱ्याच्या सुमाराला आलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. भट्टीला झेंडूचा हार, दाबायच्या यंत्राला हळदकुंकू, पान्यांना, हातोड्यांना, अगदी झाडूलाही. क्लीन रूम तेवढी वगळलेली. हा नियम सुकन्यानेच केला होता. आतली पूजा म्हणून बाहेरच्या दारालाच तोरण बांधायचं आणि नारळ उंबऱ्याबाहेर फोडायचा. त्यावरून गोकुळने तिला चिडवलंही होतं, की ताई, सगळ्या यंत्रांना सण आणि आतली तेवढी सुतकात.

त्या सकाळी तिच्या आईचा, द्वारकाबाईंचा फोन आला. सणाला पोरगी घरी नाही, म्हणून त्यांनी दोन दिवस आधीच कुंकवाची पुडी कुणाबरोबर तरी पाठवली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की तुझं मोठं काम आहे तर त्या यंत्राला कुंकू लाव बाई. तुझ्या बापाने विहिरीवरच्या मोटारीला कुंकू लावल्याबिगर कधी बटण दाबलं नाही. सुकन्या हो म्हणाली. नंतर बाहेर आरतीसाठी माणसं जमत होती, तेव्हा ती पोशाख चढवून एकटीच आत गेली. पावडर मिसळायच्या ड्रमच्या झाकणावर तिने हातमोज्याच्या बोटाने कुंकवाचा टिकला टेकवला. हात जोडले. आणि लगेच, आपण काय केलं हे लक्षात येऊन, घडी केलेल्या एका पांढऱ्या कापडाने तो पुसून काढला. झाकण लख्ख झालं. ती कापडं एकदा वापरून टाकून द्यायची असत. पण बाहेर घंटा वाजायला लागली होती आणि टाकून द्यायचा डबा दाराबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तिने डाग आत दडेल अशी कापडाची घडी घातली आणि ती स्वच्छ कापडांच्या ट्रेमध्येच ठेवली. आरती झाल्यावर काढू, असं तिच्या मनात होतं. आरतीनंतर पेढे आले, मोहनरावांनी तिला पाहुण्यांशी बोलायला बोलावलं, आणि ते कापड तिच्या डोक्यातून पार निघून गेलं.

दसऱ्यानंतर कामाला लागल्यावर सोनबाने नेहमीप्रमाणे हात धुतले, पोशाख घातला, ट्रेमधलं वरचं कापड घडी न मोडता उचललं, पावडर ओतायचं नरसाळं पुसलं आणि घुमटाचा साचा भरला. भरताना तो पुटपुटत होता. कुणाशी, हे कुणी विचारलं नाही.

घुमट भट्टीतून निघून पॉलिश होऊन आला, तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले. कडा निर्मळ होत्या. मधोमध मात्र ताकाची निवळी ढवळल्यासारखे ढग पसरले होते. गोकुळने तो खिडकीकडे धरला. पलीकडच्या माणसांचे चेहरे त्यातून धुक्यातल्यासारखे दिसत होते.

मोहनरावांनी एक तुकडा पुण्याला तपासायला पाठवला. तिथून फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि सगळे बसलेले होते. त्यांनी फोन ठेवला आणि सांगितलं, की पावडरीत कॅल्शियम शिरलंय. म्हणजे चुना.

"चुना तर आबांच्याच खिशात असतो," गोकुळ म्हणाला.

तो थट्टेनेच म्हणाला होता. सोनबा तंबाखूचा जुना शौकीन; चहाच्या वेळी तळहातावर मळून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दोघंतिघं हसलेही. मोहनराव हसले नाहीत. ते सोनबाकडे बघत राहिले, आणि सोनबाने खिशातून चुन्याची डबी काढून भाकरीशेजारी ठेवली.

तो म्हणाला, की त्या दिवशी आत जाण्याआधी त्याने तंबाखू मळली होती. हात धुतले होते, मोजेही घातले होते. "पर नखात ऱ्हायला आसंल, साहेब. माझ्याच हातनं झालं हे." आणि तो उठून उभा राहिला आणि मोहनरावांपुढे त्याने हात जोडले.

सुकन्या समोरच बसली होती. चुना हा शब्द ऐकला त्याच क्षणी तिला कळलं होतं. हळदीला चुन्याची निवळी लावली की ती लाल होते, आणि त्याचंच कुंकू होतं. भट्टीत हळद जळून गेली होती, चुना मागे राहिला होता. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवायची गरज नव्हती. आई दरवर्षी परातीत ते करताना ती शेजारी बसलेली असायची. तिला ते कापड आठवलं, त्याची घडी आठवली, वरचं कापड उचलणारा सोनबाचा हात आठवला. तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती. तिने भाजीत भाकरीचा तुकडा बुडवला आणि तो नुसताच फिरवत राहिली. आत्ता सगळ्यांसमोर नको, संध्याकाळी मोहनरावांना एकटं गाठून सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. संध्याकाळी मोहनराव ग्राहकाशी फोनवर बोलत होते आणि त्यांचा आवाज चढलेला होता. उद्या सांगू, असं झालं. पण तोवर मोहनरावांनी सोनबाला क्लीन रूममधून काढून पॅकिंगला बसवलं होतं, आणि आता सांगायचं म्हणजे कालच का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. रोज एक दिवस जात होता आणि रोज ते वाक्य जड होत होतं.

पॅकिंगच्या टेबलावर सोनबा चकत्या कागदात गुंडाळी. कुणी त्याला दोष देत नव्हतं. गोकुळ तर उलट जास्तच गोड बोले. पण चहाच्या वेळी कुणीतरी "आबा, चुना?" म्हणे आणि मग जीभ चावी. सोनबाने चंद्रावर चालणं सोडलं, गोष्टी सोडल्या. एकदा सुकन्या त्याच्याजवळून जाताना त्याने तिला थांबवलं आणि विचारलं, की दुसरा घुमट कधी भरणार. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात. "नव्या मानसाला सांगा, नखं काढ म्हनावं," तो म्हणाला. सुकन्या स्वच्छतागृहात गेली आणि तोंडावर पाणी मारत तिथे बराच वेळ उभी राहिली. थोड्याच दिवसांनी सोनबा यायचा थांबला. विचारलं, तर गुडघा दुखतोय, रोजची बस झेपत नाही, असा निरोप आला.

दुसरा घुमट पाण्याच्या थेंबासारखा निघाला. मोहनरावांनी पेढे वाटले आणि सुकन्याचं नाव घेतलं. तिने पेढा पर्समध्ये ठेवला. तो तिथेच वाळून गेला.

चाचणीच्या दिवशी डाळजच्या काठाला पाण्यावर ऊन चमकत होतं. होडीतून कॅमेरा खाली सोडला, पडदा उजळला. घुमटात कुठे ओरखडा नव्हता, कुठे ढग नव्हता. पडद्यावर गाळ दिसला, आडवी पडलेली एक बाभळ दिसली, काही चिलापी मासे येऊन घुमटाला तोंड लावून गेले, आणि मग गाळातून वर आलेली एक दगडी कड दिसली. कुणाच्या घराचं जोतं असेल, किंवा विहिरीचा कठडा. संस्थेच्या माणसांना त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना घुमट बघायचा होता आणि ते खूश होते. सुकन्या ती दगडी कड बघत राहिली. तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती आणि ती तिनेच रिकामी केली होती. मोहनराव जेवायला चला म्हणाले. ती म्हणाली, मी जरा गावात जाऊन येते.

सोनबाचं घर विचारावं लागलं नाही. पहिल्याच माणसाने, "वाचनवाला सोनबा ना?" म्हणत बोट दाखवलं.

दारात त्याची बायको सारजा शेंगा निवडत होती. ताई आल्या म्हटल्यावर तिने पाट दिला, पाणी दिलं, चहा ठेवला. सोनबा आतून आला. गुडघ्याचं काही दिसत नव्हतं. त्याने चाचणीचं विचारलं आणि घुमट चांगला निघाला हे ऐकून मनापासून मान हलवली. सारजा चहा गाळता गाळता बोलत होती. तिचं म्हणणं, तुमच्या दगडाने माझं काम केलं. लग्न झाल्यापासून सांगत होते तंबाखू सोडा, बापाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, आणि एक दगड नासल्यावर स्वतः जाऊन डबी पाण्यात टाकून आले. "तुमच्या कारखान्याचं लई उपकार हायत," ती म्हणाली आणि हसत कप पुढे केला.

सुकन्याने कप घेतला नाही.

तिने सगळं सांगितलं. आईची पुडी, ड्रमचं झाकण, कापडाची घडी, ट्रे. फोन आला तेव्हा आपल्याला कळलं होतं, हेही सांगितलं. सांगताना ती सारजाच्या हातातल्या कपाकडे बघत होती, कारण सोनबाकडे बघवत नव्हतं. ती थांबली तेव्हा सारजाने कप खाली ठेवला आणि शेंगांचं सूप उचलून आत निघून गेली.

सोनबा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला.

"म्हंजी माझ्या चुन्यानं न्हवतं," तो म्हणाला.

"नाही, आबा."

"कापड मी ट्रेमधलंच घेतलं हुतं."

"हो. तुम्ही सगळं बरोबरच केलं होतं."

मग तो म्हणाला, "ताई, तुमी कुंकू लावलं त्याचं मला काय न्हाय. मला कुनी म्हनलं असतं, तर मीबी लावलं असतं. पर मी साहेबांफुडं हात जोडलं, तवा तुमी तितंच हुता."

सुकन्या हो म्हणाली. आतून सारजाचा आवाज आला, मोठा नाही, पण ऐकू जाईल इतका, की माणूस रात्ररात्र नखं घासायचा ब्रशनं, रक्त येईस्तोवर. सोनबाने आत बघून तिला गप्प राहायला सांगितलं. मग सुकन्याला म्हणाला, की चहा घ्या, निवतोय. तिने तो घेतला. तिला तो कडू लागला नाही की गोड लागला नाही.

निघताना तिने विचारलं, की आता मी काय करू. सोनबाने थोडा विचार केला. साहेबांना सांगा म्हणाला. आणि सगळी जेवायला बसलेली असतील तेव्हा सांगा. एकट्यात नको.

तिने तसंच केलं. आधी मोहनरावांना केबिनमध्ये सांगितलं. ते म्हणाले, की चूक तर माझीपण आहे, मी एका थट्टेवर विश्वास ठेवला. तिला नोकरीवरून काढतील, असं तिने धरलं होतं. तशी तयारीही करून आली होती. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि पुन्हा असं होऊ देऊ नका म्हणाले. सुकन्याला ते इतकं कमी वाटलं, की शिक्षा चुकल्यासारखी तिची मान खाली गेली.

मोहनरावांनी सोनबाला बोलावून घेतलं. तो आला, धुतलेला शर्ट, डोक्याला टोपी. जेवणाच्या सुट्टीत सुकन्या उभी राहिली आणि डबे उघडे असतानाच तिने सांगितलं, कुंकू मी लावलं होतं, कापड मी ठेवलं होतं, आबांचा काही दोष नव्हता, आणि हे मला पुण्याहून फोन आला त्या दिवसापासून माहीत होतं. गोकुळ आपल्या डब्यात बघत होता. थोड्या वेळाने त्याने डबा उचलला, सोनबाजवळ येऊन बसला आणि आपल्या भाजीतली निम्मी भाजी त्याच्या ताटलीत घातली. "आबा, मी लई बोललो," म्हणाला. सोनबा म्हणाला, "भाजी तिखट हाय." मग दोघं जेवले.

मोहनरावांनी त्याला क्लीन रूममध्ये परत यायला सांगितलं. सोनबा म्हणाला, बघतो. सुकन्या त्याला सोडायला बसथांब्यापर्यंत गेली. पोशाख तुमचाच ठेवलाय, नरसाळ्याला दुसरं कुणी हात लावणार नाही, असं ती भराभर बोलत होती. सोनबाने तिला मधेच थांबवलं.

"ताई, तुमी सांगितलं, बरं वाटलं. खोटं बोलत न्हाय. पर इतके दिस म्या सोताला म्हनलं, की तुझा हात घान हाय. आता तुमी सांगितल्यावर डोस्क्याला पटतंय. हाताला पटत न्हाय." त्याने हात पुढे करून दाखवला. बोटं किंचित थरथरत होती. "नरसाळं पुसाय लागलो की आसंच हुतंय बघा. घरच्या पितळ्या पुसतानाबी. असल्या हातानं तुमच्या पावडरीला शिवायचं न्हाय."

कालांतराने थांबेल, असं सुकन्या म्हणाली. थांबेलही, सोनबा म्हणाला. भिगवणची बस आली. तो चढला आणि खिडकीशी बसून त्याने तिला घरी जा अशी खूण केली.

त्यानंतर मोहनरावांनी दोनदा निरोप पाठवला. सुकन्या तीनदा जाऊन आली. सारजा आता चहा देते, पण पाट देऊन आत निघून जाते. सोनबा घरी असला तर बोलतो, पावसाचं, दुधाचं, सुकन्याच्या आईच्या तब्येतीचं. कारखान्याचं तो विचारत नाही आणि तीही काढत नाही. दरवेळी परतताना तिला वाटतं, की त्याने एकदा भांडावं. तो भांडत नाही.

सोनबा आता डाळजच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेतो.